सगळं माहीत असूनही...

विकेंडला कुठे गेला होतात, असं सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं आणि तुम्ही ‘केडगाव’ म्हणालात, तर समोरचा दोन सेकंद गप्प बसतो. लोणावळा कळतं, काशीद कळतं, पावसाळ्यातलं ताम्हिणी तर पाठच असतं. केडगाव? तिथे काय आहे?

डॅम नाही, पॉइंट नाही, रिसॉर्ट नाही. पुणे स्टेशनवरून दौंडकडे जाणारी गाडी पकडायची. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी एकेक स्टेशनं मोजायची आणि तास-सव्वा तासाने उतरायचं. खिडकीतून ऊस, मग आणखी ऊस, मधेच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर. बास.

मी गेले ती या पानासाठीच. ‘पुण्याजवळचं, पण नेहमीचं नको’ अशी ऑर्डर होती. आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला शहरातून पळायचंच होतं. का, ते पुढे सांगते. सांगावंच लागेल.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, ‘बेटावर का मिशनला?’ केडगावात बाहेरचा माणूस साधारण या दोन कारणांनी उतरतो. एक, नारायण महाराजांच्या बेटावरचं दत्तमंदिर. दुसरं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रस्त्याने आलात तर सोलापूर हायवेवरच्या चौफुल्याला वळायचं. हे चौफुला लावणीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध. म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या टापूत लावणी, दत्तगुरू आणि येशू ख्रिस्त. महाराष्ट्र म्हणतात तो हाच.

मी म्हटलं, ‘मिशनला.’

रमाबाई आपल्याला शाळेत भेटतात त्या दोन ओळींपुरत्या. शारदा सदन, विधवांसाठी कार्य, पुढचा धडा. परीक्षेत रमाबाई रानडे आणि पंडिता रमाबाई यांची अदलाबदल न करणारा हुशार! आमच्या घरी तर ‘मिशन’ हा शब्द ऐकला की आजी तोंड वाकडं करायची. त्यामुळे जाताना माझ्या मनात कुतूहल होतं तितकाच संशयही होता. तो लपवत नाही.

आत शिरल्यावर आधी जाणवते ती सावली. मोठी जुनी झाडं, मोठं जुनं चर्च, बैठ्या इमारती आणि कुठेतरी मुलींचा आवाज. हे पर्यटनस्थळ नाही, हे अजूनही लोकांचं राहतं घर आहे. त्यामुळे जायचं असेल तर आधी कळवून, परवानगी घेऊन जा. कॅमेरा बॅगेत ठेवा. कुणाच्या घरात शिरून आपण त्यांच्या स्वयंपाकघराचे फोटो काढत नाही ना, तसंच.

मला थांबवलं ते इथल्या नावांनी. रमाबाईंनी इथे वेगवेगळी सदनं काढली आणि त्यांना नावंही अशी दिली : मुक्ती सदन, प्रीती सदन, अंध बायकांसाठी बार्तीमी सदन (बायबलमधल्या एका आंधळ्या भिकाऱ्यावरून), आणि कृपा सदन. हे कृपा सदन होतं समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. सुधारगृह, पतितागृह असलं काही नाही. कृपा! दारावरच्या पाटीत तुमचा गुन्हा लिहिलेला नाही, तुम्हाला काय मिळणार ते लिहिलेलं आहे.

या नावाचा माग काढत गेलं की आपण पोचतो थेट लंडनला.

पण त्याआधी रमाबाई कोण होत्या ते नीट लक्षात घ्या. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने मुलीला. भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला पाठ. घर नाही, सगळा देश पायी, तीर्थामागून तीर्थ. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. भाऊ-बहीण दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. तिने जातीबाहेर, बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये तोही गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत कडेवर एक मुलगी आणि पाठीशी कुणी नाही.

म्हणजे कसं, तर ही बाई आयुष्यभर परीक्षा देत होती आणि पहिली येत होती. आपल्या भाषेत, दरवर्षी टॉप रेटिंग.

१८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावात सेंट मेरीच्या सिस्टर्सचा मठ होता, तिथे राहिल्या. या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं, रस्त्यावरच्या, नावं ठेवलेल्या बायकांसाठी. रमाबाईंना काही दिवस तिथे पाठवलं. तिथे त्यांनी जे पाहिलं त्याने त्या हादरल्या. या बायकांशी कुणी इतक्या मायेने बोलतं, त्यांना आपलं मानतं, हे त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे अशा बाईला जागाच नसते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता?

सिस्टरने लेक्चर दिलं नाही. बायबल काढलं आणि एक गोष्ट वाचून दाखवली. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची गोष्ट. ही सगळी हकिगत रमाबाईंनी स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे.

ती गोष्ट मी केडगावच्या त्या झाडाखाली बसून मोबाइलवर वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. थोडक्यात अशी : भर दुपारची वेळ. एक बाई एकटीच विहिरीवर पाणी भरायला आली आहे. विहिरीच्या काठावर एक दमलेला परका माणूस बसलाय. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित! कारण तो यहुदी, ती शोमरोनी, आणि त्यांच्यात भांड्याचाही व्यवहार होत नसे. (आपल्याला हे समजावून सांगायला नको.) बोलता बोलता तो म्हणतो, जा, नवऱ्याला घेऊन ये. ती म्हणते, मला नवरा नाही. आणि तो शांतपणे तिचं सगळं आयुष्य तिच्यापुढे ठेवतो : पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याबरोबर राहतेस तो तुझा नवरा नाही.

इथे कुठलाही हिंदी सिनेमा असता तर पुढे विजा चमकल्या असत्या. इथे काहीच होत नाही. तो उठून जात नाही, ओरडत नाही. गप्पा पुढे चालू राहतात. देवाची खरी उपासना कुठे करायची, असला मोठा विषय तो या बाईशी बोलतो आणि आपण कोण आहोत हे तिला उघड सांगतो. मग ती घागर तिथेच टाकून गावात पळत सुटते आणि लोकांना ओरडून सांगते की चला, मी केलेलं सगळं ज्याने मला सांगितलं त्या माणसाला बघायला चला!

एक गोष्ट कंसात. हिला सरसकट ‘वाईट चालीची’ म्हणायची पद्धत आहे. पण गोष्टीत तसं म्हटलेलं नाही. पाचांतले किती मेले, कितींनी टाकलं, कुणाला माहीत? वयाच्या चोविशीत सगळी माणसं गमावलेल्या रमाबाईंनी ही गोष्ट ऐकताना काय ऐकलं असेल, असा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

मला मात्र वेगळंच खटकलं. अहो, आपलं सगळं माहीत असलेला माणूस भेटला तर आपण गावाकडे पळू का गावाबाहेर? मी गावाबाहेर. शंभर टक्के.

तर आता ते ‘पुढे सांगते’.

तीन वर्षांपूर्वी मी शहरात एकट्या राहणाऱ्या मुलींवर एक फीचर केलं होतं. इथे नाही, दुसरीकडे. चार मुली भेटल्या, चौघीही बोलल्या, पण सगळं कसं गोड-गोड. डेडलाइन आली. म्हणून मी पाचवी मुलगी तयार केली. आयटीतली, नाव न छापण्याच्या अटीवर बोललेली. तिची चमकी रंगवली, कॉफी शॉपमधलं कोपऱ्यातलं टेबल रंगवलं. ती सांगते की रात्री घरी गेल्यावर मी आधी टीव्ही लावते, बघायला नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. लेख सॉलिड हिट झाला. सगळ्यांना तीच मुलगी आवडली. एडिटरने मीटिंगमध्ये तिचंच वाक्य वाचून दाखवलं.

जर्नलिझमच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये जे करायचं नाही म्हणून शिकवतात, तेच. माझ्या पोर्टफोलिओत तो लेख अजून सगळ्यात वर होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ... पण एका वाचक मुलीचा मेल आला. तिने लिहिलं होतं की मीही रोज टीव्ही लावते, त्या मुलीशी माझी ओळख करून द्याल का? मी तो मेल तीन वेळा वाचला. उत्तर दिलं नाही. काय देणार?

आणि टीव्ही लावणारी मुलगी कोण होती, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. त्या आठवड्यात एका नव्या कामासाठी मला तोच लेख सँपल म्हणून पाठवायचा होता. म्हणून पळायचं होतं.

चर्चच्या पायरीवर एक साठी उलटलेल्या बाई बसल्या होत्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, मांडीवर जाडजूड बायबल, त्यात खुणेला बसची तिकिटं. मी विचारलं, ‘मावशी, इथल्याच का तुम्ही?’

‘नाही गं. मी नगरची. पाहुण्यांकडे आलेय, म्हटलं इथे टेकून जावं.’ मग त्यांनीच माझी चौकशी सुरू केली. लग्न, पगार, गाव. मराठी माणूस कुठल्याही धर्माचा असो, क्रम तोच!

मी शोमरोनी बाईचा विषय काढला. म्हटलं, ‘मावशी, राग मानू नका. पण सगळं माहीत असलेला देव म्हणजे सीसीटीव्हीसारखा नाही वाटत? सारखं कुणीतरी बघतंय...’

त्या हसल्या. म्हणाल्या, ‘लहानपणी लई भीती वाटायची. स्तोत्रसंहितेत एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र आहे बघ, माणूस कुठंबी पळाला तरी देवाच्या नजरेतून सुटत नाही असं. ते पाठ करायला लावलं की माझ्या पोटात गोळा यायचा. कारण मी चोर होते.’

‘चोर?’

‘गूळचोर. मी वसतिगृहात वाढले ना. आमच्या वेळी गूळ म्हणजे चैन. भांडारघरातला खडा रोज माझ्या पोटात. पण आळ आला माझ्या शेजारी झोपणाऱ्या पोरीवर. पोरी तिलाच गूळचोर म्हणायला लागल्या. मी गप. उलट मीपण म्हणायचे.’

‘मग?’

‘आमच्या बाई रोज संध्याकाळी माझी वेणी घालायच्या. मला जटा व्हायच्या ना, म्हणून. त्या महिन्यात एक दिवस वेणी चुकली नाही. शेवटी मलाच सोसेना. एकदा वेणी घालतानाच रडून सांगितलं. बाई म्हणाल्या, मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासनं.’

माझ्यातली रिपोर्टर जागी झाली. म्हटलं, ‘मग त्यांनी त्या दुसऱ्या मुलीची बाजू का नाही घेतली?’

‘घेतली होती की. तिला कधीच सांगून ठेवलं होतं, तू घेतला नाहीस हे मला माहितीय म्हणून. राहिले होते ती मीच.’ त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तू सीसीटीव्ही म्हणालीस ना? सीसीटीव्ही वेणी घालतो का गं?’

यावर मी काय बोलणार!

नंतर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या श्रद्धेचं मर्म म्हणून सांगितलं आणि मी तसंच इथे देते. ख्रिस्ताने माणसासाठी जीव दिला तो माणूस सुधारल्यावर नाही, तो बिघडलेला असतानाच. पेत्राने तीनदा त्याला ओळखत नाही म्हटलं. ते तो म्हणणार हे येशूला आधीच माहीत होतं आणि तरी आदल्या संध्याकाळी त्याचे पाय धुतले. आधी प्रेम, मग कबुली. ‘उलटं करायला गेलं की माणूस आयुष्यभर तोंड लपवतो,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि बाईंनी मला माफ केलं म्हणून भागलं नाही हं. त्या पोरीकडं मला जावंच लागलं. सगळ्या पोरींसमोर.’

हे मर्म रमाबाईंनाही एकदम सापडलं नाही, आणि मला त्या जवळच्या वाटायला लागल्या त्या इथे. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेजला त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पण लगेच गुणी शिष्या वगैरे झाल्या नाहीत. सिस्टरशी त्यांचे जोरदार वाद झाले. त्रैक्य पटत नाही, चर्चचा अधिकार पटत नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण ठेवणार नाही. ही सगळी पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. त्यांचा हट्ट, तिरकसपणा, दुखावलेपण, सगळं आता कुणालाही वाचता येतं. आणि तरी लोक त्यांच्या प्रेमात पडतातच.

इकडे महाराष्ट्रात धर्मांतरावरून रान उठलं. मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, आणि १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची काळजी मला समजते. पण रमाबाईंनी आपली श्रद्धा दार लावून लपवायला नकार दिला, हेही समजतं.

या दोन्हींच्या मधे, १८९१ च्या सुमारास, त्यांना काहीतरी उमगलं. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांनी लिहिलंय की आपल्याला तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने सगळं पटवून झालं होतं. अठरा हजार श्लोकवाली बाई, नव्या धर्माचाही अभ्यास करून पास झाली होती! पण हा पेपरच नव्हता. समोरच्याने उत्तरपत्रिका आधीच पाहिली होती, चुकांसकट, आणि तरी हाक मारली होती. हे शब्द माझे. अप्रेझलच्या महिन्यात मला याहून चांगले सुचत नाहीत.

त्यानंतरच्या रमाबाई बघा. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा स्वतः जाऊन उपाशी मुली, बायका घेऊन आल्या. कुणाची? कशी? नीती काय? काही नाही. राहायला केडगावची ही जमीन. पुन्हा १९०० चा दुष्काळ, आणि इथे दीड हजारावर माणसं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवणार. शेवटची कित्येक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं भाषांतर करत होत्या, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या इथल्याच बायका. मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं ते १९२४ मध्ये.

सरस्वतीची पदवी मिळालेल्या पंडितेने मुद्दाम सोपी मराठी लिहिली. तिला पाठ असलेलं संस्कृत कुणाला दाखवायचं राहिलं नव्हतं बहुतेक.

मी ख्रिस्ती झाले का? नाही. विश्वास बसला का? त्याचं उत्तर एका ट्रिपमध्ये देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण मावशींनी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे मिटले नव्हते, त्यांच्या बायबलमधली तिकिटं बघत होते. त्यांनी देवाला माझं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, हिचं काय आहे ते तुला ठाऊक आहे. एवढंच. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं.

स्टेशनवर चहा घेतला. चौकशी केली तर गाडी लेट. बाकावर बसून फोनमध्ये जुना मेल शोधला. तीन वर्षांखालचा, तिचा. सापडला. उत्तर लिहायला घेतलं. यवतपर्यंत चार वेळा खोडलं. उरुळीला शेवटी एवढंच उरलं की ती मुलगी खरी नव्हती, टीव्ही मात्र खरा आहे, माझ्या घरी आहे, आणि उत्तर द्यायला तीन वर्षं लावली याबद्दल सॉरी. दुसरा मेल त्या एडिटरला. त्यात ‘डेडलाइन होती’ असं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं.

मांजरीला रेंज आली. दोन्ही गेले.

तिचं उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित तो पत्ता ती आता वापरतही नसेल. एडिटरचं मात्र पुणे स्टेशनच्या जिन्यावरच आलं. एकच ओळ होती. उद्या अकरा वाजता ऑफिसला ये.